सतरा नंबरचा पॅनल

हिंगण्याच्या एमआयडीसीत, ज्या शेडमध्ये
परवापर्यंत कूलरच्या टाक्या निघायच्या,
तिथे आता एका जहाजाची कूस आडवी पडली आहे.
अख्खं जहाज नाही. तुकडे. तीन-तीन मीटरचे,
साच्यात पालथे निजलेले.
जहाज सुरुंग हुडकणार म्हणे, समुद्राच्या तळाशी.
आमच्यातल्या निम्म्यांनी अंबाझरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही.

लोखंड नको, ही पहिली अट.
सुरुंग खाली पडून वाट बघतो, वर्षानुवर्षं,
वरून लोखंड गेलं की त्याला कळतं,
एवढंच मी सगळ्यांना सांगितलं.
मग दारातल्या टोपलीत पडत गेलं
किल्ल्या, पट्ट्यांचे बक्कल, केसांतल्या पिना,
एकाच्या पायताणाचा खिळा,
वंदनाबाईंच्या कमरेचा अडकित्ता.
सुपारी मात्र त्यांनी खिशात ठेवली.

मे महिना. सेहेचाळीस.
दुपारी रेझिन बादलीतच आवळून बसतं,
म्हणून कामाला रात्री. हार्डनर कमी, अजून कमी,
आणि पहाटे चारला सगळ्यांच्या मनगटांना
काचेच्या कुसळांची खाज.

गुणवंत हेडाऊ काचेचं कापड अंथरतो.
तांडापेठेत त्याच्या घरी माग होता, नऊवारीचा.
माग विकला, बोटं राहिली.
नुसता हात फिरवून सांगतो,
"म्याडम, इथं आडवा धागा सरकून राहिला."
आणि सरकलेला असतो.
सरळ एक थर, मग तिरपा, मग पुन्हा सरळ,
प्रत्येक थरावर रोलर, दाबून, हवा निघेस्तोवर.
एक बुडबुडाही ठेवायचा नाही:
स्फोटाचा दणका आधी बुडबुडाच शोधतो.

वाळल्यावर ठोकून बघायचं.
हल्लीचा रुपया चालत नाही, त्यालाही चुंबक धरतं.
वंदनाबाईंनी देव्हाऱ्यातून आणला तांब्याचा ढब्बू पैसा
आणि माठ पारखावा तसा कान लावून त्या पॅनलभर फिरल्या.
टण्ण, टण्ण, टण्ण. पुढे.
भद्द. खडूनं गोल. तेवढं खरवडा, पुन्हा भरा.

शेवटी मी, माझं यंत्र घेऊन.
सोळा पॅनल गुमान गेले.
सतराव्यापाशी काटा हलला.
पुन्हा फिरवलं. पुन्हा हलला, पण दुसऱ्याच जागी.
आम्ही अख्खा तुकडा उलथा केला, ब्रश तपासले,
शेठ फोनवर कुणाला तरी अहो-जाहो करत होते,
आणि गुणवंत माझ्यासोबत वाकून वाकून बघत होता.
मग एकाएकी तो चार पावलं मागे सरला.
काटा बसला.

एक पाऊल पुढे. काटा उठला.

"पॅनल बराबर आहे म्याडम," तो म्हणाला, "मीच लोखंडी आहो."
कापड सोडल्यावर चार महिने दारूच्या कारखान्यात होता,
बंदुकीच्या दारूच्या. तिथला एक तुकडा,
ज्वारीच्या दाण्याएवढा, मांडीत.
मेडिकलच्या डॉक्टरनं सांगितलं, राहू दे,
काढायला गेलो तर पाय जाईल.
बारा वर्षं झाली. बायकोला वाटतं, निघाला.

सतरा नंबर पास. मी सही केली.
अहवालात 'बाह्य कारण' असं लिहिलं,
त्याहून नेमका शब्द मला सुचला नाही.

ताडपत्री बांधून ट्रक वर्धा रोडला लागला तेव्हा
गुणवंत फाटकापर्यंत गेला नाही.
लोडिंग होतानाही लांबच उभा होता, चार पावलं मोजून,
कुणी सांगितलं नसताना.
नंतर पायरीवर बसला. वंदनाबाईंकडून पैसा मागून घेतला,
पँट गुडघ्यावर सारली
आणि मांडीवर ठोकत राहिला, मान वाकडी करून,
कान देऊन, जागा बदलत.

एके ठिकाणी थांबला.
मग हसला आणि हात पुढे केला,
"म्याडम, खडू द्या."